ब्रिटनमधले पोलिश क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांसाठी कोल्हापूरजवळ उभारलेल्या वळिवड्याच्या छावणीबद्दल मराठीत आता बरंच लिहून आलं आहे. पण ती गोष्ट बहुतेक वेळा १९४८ साली, छावणी रिकामी झाली तिथेच थांबते. ती माणसं पुढे कुठे गेली, असं विचारणारे बरेच भेटतात. दुसरीकडे ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी असतात. त्यांना आपल्या गावात 'पोलिश क्लब' अशी पाटी दिसते, पण आत शिरावं की नाही हे कळत नाही. दोघांच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती इथे एकत्र दिली आहेत.

पोलिश क्लब म्हणजे नेमकं काय? बार, चर्च की मंडळ?

तिन्हींचं मिश्रण, फक्त प्रमाण गावागणिक बदलतं. नमुना साधारण असा: एखादं जुनं मोठं घर किंवा चर्चला लागून असलेली बसकी इमारत. खाली बार, मागे लाकडी जमिनीचा हॉल आणि त्याच्या टोकाला लहानसं स्टेज. वर कार्यकारिणीची खोली आणि काचेच्या कपाटात पुस्तकं. भिंतीवर युद्धकाळातले पोलिश पंतप्रधान जनरल सिकोर्स्की किंवा सेनापती जनरल आंदर्स यांची तसबीर, शेजारी पोलिश असलेले पोप जॉन पॉल दुसरे आणि काळी मरियामाता, म्हणजे पोलंडमधल्या चेन्स्तोखोवाच्या मठातलं पूज्य चित्र.

दारावरचा पांढरा गरुड नीट बघा. त्याच्या डोक्यावर मुकुट असतो. कम्युनिस्ट राजवटीने पोलंडच्या राजचिन्हातला मुकुट काढून टाकला होता, तो तिथे १९९० मध्ये परत आला. ब्रिटनमधल्या क्लबांनी तो मधल्या काळात कधी उतरवलाच नाही. क्लबवाल्यांना स्वतःबद्दल काय वाटत होतं, हे त्या एका मुकुटावरून कळतं: खरा पोलंड आपल्याकडे ठेवायला दिलेला आहे आणि मालक येईपर्यंत तो सांभाळायचा आहे. पुढचं सगळं, अभिमान काय आणि भांडणं काय, यातूनच आलं.

नावं वेगवेगळी असतात. 'दोम पोल्स्की' म्हणजे पोलिश घर हे सर्वांत जास्त आढळणारं. ग्लासगोच्या क्लबला सिकोर्स्कींचं नाव आहे. माजी सैनिकांच्या संघटनेने, म्हणजे एसपीकेने, उभे केलेले क्लबही बरेच आहेत. एडिनबर्गच्या ड्रमंड प्लेसमधलं सैनिकांचं घर त्यातलंच.

ब्रिटनमध्ये एवढे पोलिश लोक आले कुठून?

आज 'पोलिश' म्हटलं की लोकांना २००४ नंतर आलेले गवंडी, प्लंबर आणि गोदामातले कामगार आठवतात. क्लब त्यांनी काढले नाहीत. ते त्यांच्या आधी साठ वर्षं आलेल्यांनी काढले.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने वाटून घेतला. सरकार आधी फ्रान्समध्ये आणि १९४० साली लंडनला आलं. त्याच्याबरोबर सैनिक आले, वैमानिक आले. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये, म्हणजे १९४० साली जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईत, १४५ पोलिश वैमानिक लढले. हा एक गट.

दुसरा गट मोठा, आणि त्याची वाट फार लांबची. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सोव्हिएत पोलिसांनी फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनने त्यांना सोडायचं मान्य केलं आणि जनरल वाद्यस्वाव आंदर्स यांच्या हाताखाली तिथेच एक सैन्य उभं राहिलं. १९४२ मध्ये ते सैन्य आणि त्याच्यामागून येणारी बायकापोरं, मिळून लाखाहून अधिक माणसं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा आणि पोटात आमांश. सैन्य तिथून पॅलेस्टाइनमार्गे इटलीत लढायला गेलं. बायकामुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. ती पूर्व आफ्रिकेत, न्यूझीलंडला, मेक्सिकोला आणि भारतात पाठवली गेली.

युद्धानंतर हे सैन्य ब्रिटनमध्ये आणलं गेलं आणि १९४७ च्या 'पोलिश रीसेटलमेंट ॲक्ट'ने त्यांना तिथे राहण्याची, कामाची आणि पेन्शनची सोय झाली. कुटुंबं धरून ही संख्या दोन लाखांच्या वर होती.

वळिवड्याचा याच्याशी संबंध काय?

अगदी थेट. वळिवड्यात १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यापैकी कित्येकींचे नवरे, भाऊ, वडील आंदर्सच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कास्सिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला, तेव्हा पंचगंगेच्या काठी बसलेल्या बायकांना त्या बातमीत आपलं माणूस जिवंत आहे का हे शोधायचं होतं. इटलीत आंदर्सचं सैन्य ज्या ब्रिटिश आठव्या आर्मीत लढत होतं, तिच्यातच आपले मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती एप्रिल १९४५ मधली सेनिओ नदीवरची लढाई झाली, तेव्हा शेजारच्याच आघाडीवर आंदर्सची पोलिश कोअर चढाई करत होती.

छावणी संपली तेव्हा सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये आणलं गेलं, आणि वळिवड्यातून निघालेल्यांचा मोठा भाग तिकडेच गेला. काही ऑस्ट्रेलियाला, काही इतरत्र. एक मुलगी कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून इथेच राहिली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहू लागले आणि त्याचं आजचं कापडबाजाराचं गांधीनगर झालं.

क्लबच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, क्लब चालवायचा कसा याची तालीम या लोकांची वळिवड्यातच झाली होती. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं बसत, नाच शिकवले जात, आणि कारभार बराचसा त्यांचा त्यांनीच पाहिला. घर, गाव, देश सगळं हरवलेल्या बायकांनी चटईच्या भिंतींच्या खोल्यांतून पोरांना पोलिश व्याकरण आणि इतिहास शिकवला. ब्रिटनमध्ये पोचल्यावर नवीन काही शोधून काढायची गरज उरली नव्हती. भारतात वाढलेल्या या मुलांनी पुढे लंडनमध्ये स्वतःचं वेगळं मंडळही काढलं, 'भारतातले पोलिश, १९४२ ते १९४८' अशा नावाचं. आणि हो, बालाचडी वेगळं. ते जामनगरजवळ, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुख्यतः अनाथ मुलांसाठी उभारलेलं. वर्तमानपत्रं दोन्हींची सरमिसळ करतात, आपण करू नये.

युद्ध संपलं, मग घरी का गेले नाहीत?

काही गेले. पण बहुतेकांचं घर ज्या गावात होतं ते गावच आता पोलंडमध्ये नव्हतं. १९४५ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या याल्टाच्या करारात पूर्वेकडचा मुलूख, ल्वूव आणि विल्नो या शहरांसकट, सोव्हिएत संघाकडे गेला. म्हणजे परत जायचं ते कुठे, तर ज्यांनी मालगाडीत घातलं त्यांच्याच राज्यात. उरलेल्या पोलंडमध्ये मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं. ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि १९४६ मध्ये वॉर्साने आंदर्ससह अनेक अधिकाऱ्यांचं नागरिकत्वच रद्द केलं.

तरी लंडनमधलं ते सरकार मोडलं नाही. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, मंत्री, सगळं पंचेचाळीस वर्षं कागदोपत्री चालू होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते हास्यास्पद वाटायचं. मग डिसेंबर १९९० मध्ये शेवटचे अध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की यांनी अध्यक्षपदाची जुनी चिन्हं वॉर्सात नवे निवडून आलेले अध्यक्ष लेक वावेन्सा यांच्या हाती दिली, आणि हसणारे गप्प झाले.

बारमागे उभा असलेला माणूस जनरल असायचा, ही दंतकथा का?

नाही, खरं आहे. नेदरलँड्समधलं ब्रेडा शहर जर्मनांकडून सोडवणारे जनरल स्तानिस्वाव माचेक युद्धानंतर एडिनबर्गच्या एका हॉटेलात बारमन होते. ब्रिटिशांनी त्यांना जनरलचं पेन्शन नाकारलं, कारण ते ब्रिटिश सैन्यात नव्हते. नेदरलँड्समधल्याच आर्नहेमच्या लढाईतले जनरल सोसाबोव्स्की एका कारखान्यात कामाला होते. खालचे अधिकारी लंडनच्या हॉटेलांत चांदीची भांडी घासत. बाकीचे खाणीत, ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत, बेडफर्डच्या विटांच्या कारखान्यांत. कामगार संघटनांना हे परके नको होते, 'परत जा' असं भिंतींवर लिहिलेलं असे.

क्लबची गरज इथे समजते. आठवडाभर ज्याला मुकादम नावानेही हाक मारत नसे, कारण ते नाव त्याच्या जिभेवर बसत नसे, त्याला शनिवारी संध्याकाळी क्लबात 'पान कर्नल' म्हणत. 'पान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब'. कोट इस्त्री केलेला, बाईच्या हाताचं चुंबन घ्यायची जुनी रीत शाबूत. पेला पुढे सरकवणारा माणूसही एकेकाळी त्याच्याच पलटणीतला असायचा. पोलिश समाजात या मानपानावर पुढे टीका झाली, थोडी रास्तही होती. पण ज्याचं सगळं गेलं त्याने हुद्दा तेवढा धरून ठेवला तर त्याला हसणं मला तरी जमत नाही.

(इराणमध्ये सैनिकांनी विकत घेतलेलं अस्वल, व्होयतेक, त्याचीही कथा खरी आहे. तेही एडिनबर्गलाच निवृत्त झालं, प्राणिसंग्रहालयात, आणि १९६३ मध्ये वारलं. त्याचा पुतळा शहराच्या मध्यवर्ती बागेत आहे.)

क्लबची इमारत कुणाची? पैसा कुठून आला?

बहुतेक ठिकाणी सभासदांचीच, विश्वस्तांच्या नावावर. सुरुवातीची वर्षं ही माणसं जुन्या लष्करी छावण्यांतल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहत होती. तिथून गावात आल्यावर स्वतःचं घर घेण्याआधी कित्येकांनी क्लबच्या घराला वर्गणी दिली. उरलेलं काम हातांनी झालं. गवंडी, सुतार, रंगारी सगळे सभासदच. कुणी रात्रपाळी करून येई आणि दुपारी फरशी बसवी.

इमारत आपली असणं हीच या क्लबांची ताकद. भाड्याच्या जागेतलं मंडळ दोन पदाधिकारी भांडले की मोडतं. इमारत असलेलं मंडळ भांडत भांडत सत्तर वर्षं चालतं. मात्र त्याच इमारतीमुळे शेवटची भांडणंही होतात, कारण जागेच्या किमती वाढल्यावर 'विकून टाका' म्हणणारे निघतातच. टेम्सकाठची फॉली कोर्ट ही हवेली त्याचं गाजलेलं उदाहरण. १९५३ मध्ये मारियन या कॅथलिक संघाच्या पाद्रींनी ते घेतलं, तिथे पोलिश मुलांची शाळा चालवली, समाजाने वर्षानुवर्षं देणग्या दिल्या. पुढे संस्थेने ते विकायला काढलं तेव्हा 'ही वास्तू कुणाची' यावर सबंध पोलिश ब्रिटन दोन तट पडून भांडलं. शेवटी ते विकलं गेलं.

लंडनमध्ये ओग्निस्को आणि पॉस्क असे दोन कशाला?

ओग्निस्को पोल्स्के १९४० चं, साउथ केन्सिंग्टनच्या एक्झिबिशन रोडवरचं. युद्धकाळातल्या अधिकाऱ्यांचा आणि मुत्सद्द्यांचा क्लब. उंच छत, झुंबरं, मागे बागेकडे उघडणारं उपाहारगृह. आंदर्स इथले नेहमीचे. कवी मारियान हेमार यांचा राजकीय चिमटे काढणारा कॅबरे इथेच चाले.

पॉस्क, म्हणजे पोलिश सामाजिक-सांस्कृतिक केंद्र, हे पूर्ण वेगळं प्रकरण. रोमान वायदा नावाच्या अभियंत्याच्या डोक्यातून ते निघालं. कल्पना अशी की जुनी पिढी जायच्या आत विखुरलेली ग्रंथालयं, संस्था, नाटक मंडळ्या एका छपराखाली आणाव्यात. १९६४ मध्ये संस्था झाली आणि १९७४ मध्ये हॅमरस्मिथच्या किंग स्ट्रीटवर काँक्रीटची मोठी इमारत उघडली, समाजाच्या वर्गणीतून. बाहेरून ती एखाद्या सरकारी कचेरीसारखी दिसते, हे मान्य. आत १९४२ मध्ये सुरू झालेलं पोलिश ग्रंथालय आहे, नाट्यगृह आहे, तळघरात जॅझ कॅफे आहे, परदेशस्थ पोलिश विद्यापीठही आहे. ओग्निस्कोत जेवायला जावं, पॉस्कमध्ये दिवस घालवावा.

क्लबात आठवडाभर काय चालतं?

रोज संध्याकाळी बार, पत्ते, बिलियर्ड्स. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की जेवण. मधल्या वारी ज्येष्ठांचा मेळावा, स्काउट, गायनवृंद, नाचाची तालीम. महिन्यातून एखादी 'झाबावा', म्हणजे वाद्यवृंदासह नाचाची रात्र. जुन्या पिढीतली निम्मी लग्नं या झाबावांत जमली असं म्हातारे सांगतात आणि त्यांच्या बायका ते खोडून काढतात. वर्षातून दोन दिवस गंभीर: ३ मे, १७९१ च्या राज्यघटनेचा, आणि ११ नोव्हेंबर, १९१८ च्या स्वातंत्र्याचा. त्या दिवशी झेंडे येतात, पोरं कविता म्हणतात आणि भाषणं लांबतात.

नाचाबद्दल एक निरीक्षण. पोरापोरींच्या अंगावर बहुतेक वेळा क्राकूवचा पोशाख असतो: लाल चौकोनी टोपी, तिला मोराचं पीस, लाल मण्यांची पोत, भरतकामाची चोळी. पण क्लब काढणारी बहुतेक कुटुंबं क्राकूवची नव्हतीच, ती शेकडो किलोमीटर पूर्वेकडची. परदेशात प्रांताप्रांतातले बारकावे गळून जातात आणि एक 'राष्ट्रीय' पोशाख सगळ्यांना पुरतो. महाराष्ट्र मंडळाच्या स्टेजवर विदर्भातल्या मुलीही कोळी नृत्य करतात, त्यातलाच प्रकार.

मग क्लबचं सांस्कृतिक काम म्हणजे हे कार्यक्रमच ना?

माझ्या मते नाही. कार्यक्रमांचे फोटो निघतात म्हणून ते डोळ्यांत भरतात. भाषा आणि रीत पुढच्या पिढीत गेली ती दोन ठिकाणांहून: शनिवारची शाळा आणि स्वयंपाकघर.

शनिवारच्या शाळा बहुधा चर्च किंवा क्लबच्या जागेत भरत आल्या आहेत आणि १९५३ पासून 'पोल्स्का माचेझ श्कोल्ना' ही मध्यवर्ती संस्था त्यांना पुस्तकं, अभ्यासक्रम पुरवते. शिक्षक बहुतेक पालकच. इंग्रज मित्र फुटबॉल खेळत असताना आपण मात्र सात विभक्त्या घोकत होतो, ही तक्रार पन्नाशीतले पोलिश-ब्रिटिश आजही करतात, तीही चांगल्या पोलिशमध्ये. या शाळांतली मुलं जीसीएसई आणि ए-लेव्हलला, म्हणजे ब्रिटनमधल्या दहावी-बारावीसारख्या परीक्षांना, पोलिश घेतात. २०१५ मध्ये एका परीक्षा मंडळाने पोलिश ए-लेव्हल बंद करायचं ठरवलं, तेव्हा पालकांनी गदारोळ केला आणि विषय टिकला. बंद करायच्या विषयांच्या त्याच यादीत बंगाली आणि पंजाबीही होत्या, त्याही वाचल्या.

स्वयंपाकघरात असं काय आहे?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन बघायला मिळालं तर सोडू नका. लांब स्टीलच्या टेबलावर पीठ पसरलेलं, सातआठ बायका, अलीकडे एखाद-दुसरा पुरुषही. मैद्याची पातळ पोळी लाटतात आणि पेला उलटा दाबून गोल पाडतात. मध्ये उकडलेला बटाटा, ताजं आंबटसर पांढरं चीज आणि परतलेल्या कांद्याचं सारण, मग घडी घालून कडा चिमटीने बंद. आपल्याकडे करंजीच्या मुरडीवरून सुगरण ओळखतात, तसं इथे पिएरोगीच्या कडेवरून. नीट न मिटलेली पिएरोगी उकळत्या पाण्यात फुटते आणि सगळं पातेलं गढूळ करते, त्यामुळे नवशिकीला आधी पेल्याने गोल पाडायच्या कामावर बसवतात, कडा नंतर. हे सगळं चालू असताना गप्पा अखंड, आणि पोलिशमध्येच. दहा वर्षांची नात तिथे जी भाषा ऐकते ती वर्गात मिळत नाही.

शाकाहारी माणसाने काय खावं?

वरची पिएरोगी, पण डुकराच्या चरबीचे परतलेले तुकडे वर घालू नका असं आधी सांगा. कोबी-मशरूमच्याही असतात. बटाट्याचे घावन, 'प्लात्स्की', आंबट सायीबरोबर. बिटाचं सार 'बार्श्च' मागताना ते मांसाच्या रश्श्यावर केलंय का हे विचारा. बिगोस टाळा, कोबी दिसतो पण आत मांस खच्चून असतं.

विगिलिया म्हणजे काय? क्लबात बघायला मिळते का?

विगिलिया म्हणजे २४ डिसेंबरची संध्याकाळ, पोलिश वर्षातला सर्वांत मोठा दिवस. दिवसभर मांस वर्ज्य. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, म्हणून पोरं खिडकीला नाक लावून बसतात. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत. बारा पदार्थ, त्यांत कार्प मासा, हेरिंग, बार्श्च आणि पूर्वेकडच्या घरांत हटकून 'कुत्या': अख्खे गहू, खसखस आणि मध. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. युद्धानंतरच्या काळात ते ताट परत न आलेल्या माणसाचं मानलं जाई, आणि ते कुणाचं हे प्रत्येक घराला माहीत असे.

हा सण मात्र घरचा. क्लबात त्याच्या आगेमागे, डिसेंबरात किंवा जानेवारीत, सामुदायिक 'ओप्वातेक' होतो. ओप्वातेक म्हणजे कागदाइतकी पातळ, पांढरी आयताकृती पापडी, तिच्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाच्या हातात एकेक. समोरच्याच्या पापडीचा तुकडा आपण मोडायचा, आपल्या पापडीचा त्याने, आणि त्याला येत्या वर्षासाठी काहीतरी चांगलं चिंतायचं, मोघम नाही, त्याच्या आयुष्याला धरून. गुडघ्याचं ऑपरेशन नीट होवो, मुलाला नोकरी लागो. हॉलमध्ये शंभर माणसं असली की हे तासभर चालतं. कार्यकारिणीच्या बैठकीत वर्षभर एकमेकांवर ओरडलेले दोघंही समोरासमोर येतात आणि टाळता येत नाही.

२००४ नंतर आलेले पोलिश क्लबात रमले का?

थोडे रमले, बरेच नाही. पोलंड युरोपीय संघात आला तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी आपली दारं लगेच उघडली. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्लिशखालोखाल पोलिश ही सर्वाधिकांची मुख्य भाषा ठरली, साधारण ५ लाख ४६ हजार लोकांची. क्लबवाल्यांना वाटलं, आता आपले हॉल भरतील.

पण तिशीतल्या प्लंबरला आंदर्सच्या तसबिरीखाली बसून बिअर प्यायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे स्वस्त विमान होतं, स्काइप होतं, कोपऱ्यावर पोलिश किराण्याचं दुकान होतं. देश सांभाळून ठेवायची त्याला गरजच नव्हती, तो ईस्टरला जाऊन येत होता. जुन्यांना नव्यांची भाषा रांगडी वाटली. नव्यांना जुन्यांची पोलिश संग्रहालयातली वाटली, युद्धापूर्वीच्या शब्दांची आणि त्यात इंग्लिश घुसलेली. 'तुम्ही पैशासाठी आलात, आम्ही नाइलाजाने' हे वाक्य तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ऐकू येई. खरं तर पोट दोघांनाही होतं.

दुवा जोडला तो मुलांनी. नव्यांना पोरं झाली, पोरं पोलिशमध्ये उत्तर देईनाशी झाली आणि शनिवारच्या शाळांपुढे प्रतीक्षायाद्या लागल्या. शाळेत सोडायला येणारे आईबाप खाली कॉफी पिऊ लागले, मग कुणी खजिनदार झालं. जून २०१६ मध्ये, ब्रेक्झिटच्या मतदानानंतर दोन-तीन दिवसांत, पॉस्कच्या दारावर शिवीगाळ रंगवलेली सापडली. पाठोपाठ शेजारच्या इंग्रजांनी फुलं आणि पत्रं आणून टाकली. त्या आठवड्यात जुने-नवे असा फरक कुणी केला नाही.

राजकारण असतं का?

भरपूर. मतप्रवाहांचं, संघटनांचं आणि किल्ली कुणाकडे असावी याचंही. वार्षिक सभा पाहण्यासारखी असते. मराठी मंडळांच्या सभांना बसलेल्या माणसाला अनुवादाची गरज पडणार नाही.

हे आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच झालं की!

बाहेरून तसं दिसतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, म्हणजे ओग्निस्कोपेक्षाही जुनं, आणि त्याचीही स्वतःची वास्तू आहे. वर्गणी, नाटक, सणाचं जेवण, पोरांना भाषा येत नाही ही चिंता, सगळं ओळखीचं. पण मराठी माणसामागे महाराष्ट्र जागेवर होता. नाटकं तिथे होत होती, मासिकं निघत होती, दौऱ्यावर कलाकार येत. लंडनच्या मंडळावर 'आपण थांबलो तर संपलं' असं ओझं कधी नव्हतं. पोलिशांपैकी कित्येक कम्युनिस्ट वकिलातीची पायरीही चढत नसत, मग तिथून कलाकार बोलावणं दूरच. १९८१ च्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला तेव्हा मात्र याच क्लबांच्या हॉलमध्ये औषधं, कपडे, दुधाची पावडर यांची खोकी रचली गेली आणि ट्रक भरभरून गेली. पुन्हा असे ढीग लागले ते २०२२ मध्ये, युक्रेनसाठी.

क्लब बंद पडतायत का?

काही पडले. सैनिकांची पिढी गेली, गॅसची बिलं वाढली, कोव्हिडने बार बंद ठेवले, आणि दारू पिणारे कमी झाले. जिथे क्लब फक्त बारवर चालत होता तिथे गाशा गुंडाळला गेला. जिथे शाळा, स्वयंपाकघर आणि भाड्याने देता येईल असा हॉल आहे तिथे बरं चाललंय. त्या हॉलांत योगवर्ग, झुंबा, मुलांचे वाढदिवस आणि देशी लग्नंही होतात.

पोलिश नसलेल्याने आत जावं का? सभासद व्हावं लागतं?

उपाहारगृह असेल तर सरळ जा. निव्वळ सभासदांचा क्लब असेल तर दारावरच्या वहीत पाहुणा म्हणून नाव लिहावं लागतं, किंवा एखादा सभासद सही करतो. आत गेल्यावर 'जेन दोब्री' म्हणा, पुरे होतं. पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही पहिल्या भेटीत नावाने हाक मारू नका, पुरुषाला 'पान' आणि बाईला 'पानी' लावा. कोल्हापूरचे असाल तर तसं सांगा. जुन्या मंडळींपैकी वळिवडे हे नाव माहीत असलेलं कुणीतरी निघतं, आणि मग बिल द्यायला जमेलच असं नाही.

कोल्हापुरात आता काय पाहता येतं?

महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. छावणीत वारलेल्यांच्या कबरी शहरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत. गांधीनगरात जुन्या बराकींच्या खुणा मात्र दुकानांच्या गर्दीत शोधाव्या लागतात. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे भेट दिली तेव्हा ते इकडच्या बातम्यांत आलं.

पहिल्यांदा जायचं तर कुठला दिवस निवडावा?

ईस्टरच्या उपवासापूर्वीचा शेवटचा गुरुवार. 'त्वुस्ती च्फार्तेक', जाडा गुरुवार. त्या दिवशी गुलाबाच्या मुरंब्याचे तळलेले गोड गोळे, 'पोंच्की', जितके खाल तितकं वर्ष चांगलं जातं अशी समजूत आहे. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत ट्रे रिकामे होतात. रोख पैसे जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालतंच असं नाही.